किंचित निळा

काका रंगारी होते आणि त्यांचा पांढरा रंग आसपासच्या चार गल्ल्यांत प्रसिद्ध होता. हसू नका, पांढराही प्रसिद्ध असू शकतो. काका म्हणायचे, गुलाबी-हिरवा काय, कोणीही फासतो, पांढरा पांढरा दिसेल असा द्यायला हात लागतो. ऐकणाऱ्याने मान डोलावली नाही तर ते पुन्हा म्हणायचे. नव्या डब्यातला पांढरा त्यांना जन्मात कधी पटला नाही. "कच्चा आहे," म्हणायचे. मग खिशातून निळ्या स्टेनरची बोटभर बाटली निघायची, बादलीत थेंब पडायचे, काठी फिरायची. कपड्यांना नीळ देतात, तीच युक्ती. किती थेंब घालायचे याला माप नव्हतं. डोळ्याला पांढरा दिसला की थांबायचं, एवढाच नियम.

नियमात काही खोट नव्हती. डोळा बिघडला, त्याला नियम तरी काय करणार?

ही गोष्ट पहिल्यांदा काकूंच्या ध्यानात आली. काकू घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीपाशी मशीन मांडून कपडे लहान-मोठे करून द्यायच्या. पँटला टीप घालता घालता त्यांना समोरची बेकरी दिसायची. काकांनी बेकरीची भिंत नवी करकरीत पांढरी केली आणि काकूंना ती निळसर दिसली. त्यांना वाटलं, छपराच्या निळ्या ताडपत्रीचा रंग पडला असेल. पुढे काकांनी मागच्या इमारतीचा जिना रंगवला. त्यावर ताडपत्री नव्हती. जिना निळा होता.

काकूंनी काकांना चष्म्याच्या निमित्ताने डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई तरुण होत्या, पण सांगायच्या सावकाश. म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डोळ्याच्या आतलं भिंग वयाने गढूळ झालंय, पिवळं पडलंय, चष्म्याने काही व्हायचं नाही. ते काढून नवं बसवू, त्याच दिवशी घरी जाल.

घरी येऊन काका म्हणाले, "नंबर थोडा वाढलाय म्हणाली."

"मी शेजारच्याच खुर्चीत बसले होते," काकू म्हणाल्या.

"मग तूही ऐकलंस ना? नंबर वाढलाय."

यावर काय बोलणार, कपाळ! भीती कशाची ते काकूंना ठाऊक होतं. काकांच्या आजोबांचा मोतीबिंदू फार वर्षांपूर्वी असाच काढला होता. तेव्हा डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून माणसाला दिवसच्या दिवस कूस बदलू देत नसत. आजोबांनी नको म्हटलेलं असताना डोळा चोळला आणि तो डोळा गेला. काकांनी ते लहानपणी बघितलं होतं. आता तसं नसतं हे त्यांना दहा जणांनी सांगितलं. दहाही जणांचे डोळे चांगले होते, असं काकांचं म्हणणं.

अशा वेळी जावई कामाला आला. जावयाचा मोबाइलवर फार विश्वास. त्याने कुठूनसे थेंब शोधून काढले आणि खोका घरी पाठवून दिला. वर मोठ्या अक्षरांत 'अँटिऑक्सिडंट' असं छापलेलं होतं. जावयाने फोनवर समजावून सांगितलं. सफरचंद कापून ठेवलं की काळं पडतं ना, तसं डोळ्यातलं भिंग वयाने काळवंडतं, आणि हे थेंब ते काळवंडणं थांबवतात. "पाहा!" काका म्हणाले. "कापायची गरजच नाही." सफरचंदाच्या गोष्टीतही आधी सफरचंद कापलेलंच होतं, पण जावयाला उलट कोण बोलणार?

काकू एकट्याच जाऊन डॉक्टरीणबाईंना खोका दाखवून आल्या. बाईंनी तो उलटसुलट करून वाचला.

"कल्पना वेडगळ नाही," त्या म्हणाल्या. "प्रयोगशाळेत कधी कधी आशा वाटावी असं काही दिसतं. पण माणसाच्या डोळ्यातला मोतीबिंदू थेंबांनी मागे हटला, किंवा नक्की थांबला, असं पटेल असं अजून कोणी दाखवलेलं नाही. दाखवलं तर मी आधी माझ्या वडिलांना घालेन."

"मग बंद करू का?"

"यात काय काय आहे ते खोक्यावर धड लिहिलेलंही नाही. मी तर घालू नका म्हणेन. आणि मला काळजी वेगळीच आहे. थेंब चालू आहेत म्हणून तुम्ही थांबाल, मोतीबिंदू थांबणार नाही. फार पिकला की काढायला त्रास होतो."

काकूंनी मान हलवली, घरी आल्या आणि थेंब चालू ठेवले. का ठेवले? सांगते. काकूंनी स्वतःला सांगितलेलं कारण असं, की थेंब बंद केले तर हा माणूस दवाखान्याच्या दिशेला तोंडसुद्धा करणार नाही. खरं कारण स्वयंपाकघरातल्या खुर्चीत होतं.

ज्या माणसाने उभी हयात परांचीवर लोंबकळत काढली, तो माणूस डोळ्यात थेंब घालायचा म्हटलं की अंग चोरायचा. स्वतःच्या हाताने तर जमतच नसे. सगळे थेंब नाकावर. मग काकूंनी त्यांना खुर्चीत बसवायचं, मागे उभं राहायचं, त्यांचं डोकं आपल्या पोटाशी टेकवून घ्यायचं आणि दोन बोटांनी पापणी वर धरायची. सकाळी एकदा आणि निजताना एकदा. थेंब घालून झाल्यावर डोळे मिटून थोडं बसा असं खोक्यावर लिहिलं होतं, तेवढं मात्र दोघं अगदी मनापासून पाळायची. लग्न जुनं झालं की एकमेकांना हात लावायलाही निमित्त लागतं. काकूंना ते निमित्त आवडत होतं, आणि ते आवडतंय याची त्यांना चोरटी लाजही वाटत होती.

थेंबांचा गुण येतोय की नाही हे बघायची काकांची स्वतःची रीत होती. खुर्चीच्या बरोबर समोर स्वयंपाकघराची भिंत. थेंब घालून झाले की काका डोळे उघडून भिंतीकडे बघायचे. भिंत पांढरी दिसली तर थेंब लागू पडले. पिवळी दिसायला लागली तर म्हणायचे, "धुराने कळकटली." मग बादली यायची, बाटली निघायची, डोळ्याला पांढरा दिसेपर्यंत थेंब पडायचे आणि भिंतीला दोन हात बसायचे. दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसून काका बघतात तर काय, भिंत पांढरीशुभ्र!

"बघितलंस?" ते म्हणायचे. "गुण आहे औषधाला."

म्हणजे डोळ्याची परीक्षा डोळाच घेत होता आणि पासही तोच करत होता. स्वयंपाकघर मात्र दर खेपेला आणखी निळं होत होतं. काकू त्यात चहा करायच्या आणि त्यांना आपण पाण्याच्या टाकीत उभ्या आहोत असं वाटायचं.

बरं, गल्लीतल्या एकाने तरी बोलावं? सगळे मूग गिळून बसले. काम इतकं साफ की कुठे ओघळ नाही, ब्रशची रेघ नाही. तक्रार करायला कोणाची जीभ रेटत नव्हती. एकदा बेकरीवाला ब्रेड देता देता हळूच म्हणाला, "काकू, मी निळा नव्हता हो सांगितला."

"राहू दे ना," काकू म्हणाल्या. "नाराज होतील."

"राहू देतो. माझं काय जातंय? बिस्किटं जरा आजारी दिसतात, तेवढंच."

त्यांना काकांच्या डोळ्याची काळजी होतीच, पण जीव टांगणीला लागला होता तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. ऑपरेशन झालं नाही तर हा माणूस आंधळा होणार. झालं तर एके दिवशी याला नीट दिसणार. आणि दिसलं की पहिल्यांदा काय दिसणार? आपला पांढरा. आयुष्यभर एकाच गोष्टीचा तोरा मिरवला बिचाऱ्याने, आणि तीच गोष्ट चार गल्ल्यांच्या भिंतींवर निळी होऊन बसली होती. त्यानंतर हा ब्रशला हात लावेल का? काकू मशीनवर बसल्या बसल्या हाच विचार करायच्या. त्या विचारात एकदा कोणाच्याशा काळ्या पँटला गडद निळ्या दोऱ्याची टीप घातली गेली. पँट परत आली तेव्हा काकू म्हणाल्या, हा बल्बच मेला तसला आहे.

मग एक दिवस भिंत पांढरी होईना.

काका सकाळपासून बादली घेऊन बसले होते. थेंब घातले, ढवळलं, भिंतीवर एक पट्टा ओढला. पिवळट. आणखी घातले. मळकट. आणखी घातले. आता तो राखेसारखा दिसायला लागला. काकांनी डब्याला शिवी दिली, दुसरा डबा फोडला. तोही तसाच. मग डबा बनवणाऱ्यांचा उद्धार झाला. दुपारी काकू आत आल्या तर काका जमिनीवर बसलेले, बाटली रिकामी, बोटं निळीजांभळी.

"पांढरा होत नाही गं," ते म्हणाले.

काकांनी बादली काकूंपुढे सरकवली.

"तू बघ जरा. झालाय का पांढरा?"

लग्न झाल्यापासून या माणसाने रंगाच्या बाबतीत काकूंना कधी काही विचारलं नव्हतं. काकूंना रडूच फुटायचं बाकी होतं. त्यांनी ओट्याला टेकून हात पुसले, दोनदा पुसले.

"अहो," त्या म्हणाल्या, "तो डब्यात होता तेव्हाच पांढरा होता."

काकांनी बादलीकडे बघितलं.

"आणि आता?"

"आता निळा आहे."

"फार?"

इथे काकूंनी कच खाल्ली. "नाही हो," त्या म्हणाल्या. "किंचित."

काकांनी बादलीवर झाकण ठेवलं आणि हात धुतले. रंग सुटायला वेळ लागला. मग नळ बंद करता करता म्हणाले, "त्या बाईंना फोन कर."

ऑपरेशन झालं. आधी उजवा डोळा. काकू बाहेर बाकावर बसून राहिल्या आणि काका आत गेले कधी नि आले कधी हे त्यांना धड कळलंही नाही. वाळूच्या पिशव्या कुठेच नव्हत्या. काका बाहेर येऊन म्हणाले, "एवढंच?" त्यांच्या आवाजात थोडी निराशाच होती.

त्या संध्याकाळी पट्टी बांधलेले काका झोपले तेव्हा काकूंच्या मनात आलं, रातोरात कोणाला तरी बोलावून स्वयंपाकघर पांढरं करून टाकावं. पण ओल्या रंगाचा वास रंगाऱ्यापासून कोण लपवणार? विचार तिथेच सोडला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढली. काकांनी आधी त्यांच्या कोटाकडे बघितलं. "काय पांढरा आहे!" म्हणाले, आणि एवढ्या कौतुकाने म्हणाले की बाईंनी स्वतःच्या कोटाकडे नव्याने पाहिलं. बाईंनी नवे थेंब लिहून दिले. हे जंतू होऊ नयेत आणि सूज उतरावी म्हणून, हे मात्र चुकवायचे नाहीत.

घरी येताना काकूंनी त्यांना मागच्या बोळातून आणलं. काका म्हणाले, इकडून का? काकू म्हणाल्या, तिकडे ऊन आहे. बेकरी टळली. घर काही टळणार नव्हतं.

काका स्वयंपाकघराच्या दारात थांबले.

"किंचित?" ते म्हणाले.

"बसा, चहा टाकते."

"किंचित म्हणालीस तू."

त्यांनी उजवा डोळा मिटून जुन्या, डाव्या डोळ्याने बघितलं. मग डावा मिटून उजव्याने. "पिवळट," ते म्हणाले. "निळा. पिवळट. निळा." चहाला उकळी आली तरी त्यांचं चालूच होतं. शेवटी त्यांनी दोन्ही डोळे मिटून घेतले.

"बेकरी?"

"तीही."

"जिना?"

"जिना जरा जास्तच."

"सगळ्यांना दिसत होतं?"

"हो."

"आणि एकाने म्हणून सांगितलं नाही."

"जीव आहे त्यांचा तुमच्यावर."

"जीव आहे म्हणून मला आंधळा ठेवलात?"

काकूंना हे फार लागलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. त्यांनी गॅस बंद केला. घड्याळाकडे बघून त्या एवढंच म्हणाल्या, "थेंबांची वेळ झालीये."

काका येऊन खुर्चीत बसले. सवयीने डोकं मागे गेलं, सवयीने काकूंच्या पोटाशी टेकलं. काकूंनी पापणी धरली. थेंब एकच पडला, पण गालावरून जे वाहिलं ते एका थेंबाचं नव्हतं. काकूंनी ते रुमालाने टिपलं. बाईंनी डोळ्याला हात लावायचा नाही असं सांगितलं होतं, म्हणून फक्त गालावरच टिपलं.

"मला भीती वाटत होती," काकू म्हणाल्या.

"ऑपरेशनची?"

"ऑपरेशनची कसली? तुम्ही ब्रश खाली ठेवाल याची. बिनब्रशाचे तुम्ही मला बघवले नसतात."

काका डोळे न उघडता म्हणाले, "यापुढे मला किंचित सांगायचं नाही. जे आहे ते सांगायचं."

"सांगेन."

"तोंडावर."

"म्हटलं ना, सांगेन."

पुढे डावा डोळाही झाला. मधल्या काळात काका एकदा एकटेच बाहेर पडून सगळ्या भिंती बघून आले. आल्यावर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले. बेकरीवाल्याला त्यांनी सांगितलं, भिंत पुन्हा करून देतो. बेकरीवाला म्हणाला, असू दे काका, आता गिऱ्हाईक पत्ता विचारतं तर 'ती निळी बेकरी' असंच विचारतं. काका म्हणाले, म्हणूनच करून देतो.

पण पहिला मान स्वयंपाकघराचा. बाईंनी शिडी चढायची परवानगी दिली त्याच दिवशी काकांनी भिंत घासली, पुट्टी भरली आणि नवा डबा उघडला. बघतात तर डब्यातला पांढरा पांढराच होता. काकांनी त्यात बाटली उपडी केली नाही. एखादा थेंब घातला तो जुन्या सवयीला मान म्हणून. भिंतीला दोन हात झाले, वाळले. भिंत दुधासारखी झाली. काकांनी कमरेवर हात ठेवून ती बघितली आणि हाक मारली, "अगं, ये! बघ आता."

काकू मशीनवरचं काम तसंच टाकून आल्या. भिंतीसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी डोळे बारीक केले.

"काय झालं?"

"खरं सांगू?"

"तोंडावर सांगायचं ठरलंय."

"पिवळट वाटतोय हो."

काकांचा चेहरा पडला. "किंचित?"

"नाही," काकू म्हणाल्या. शब्द दिला होता, तो पाळायलाच हवा होता. "चांगलाच."

काकांच्या नाकाच्या शेंड्यावर राग आला. त्यांनी खिडकी सताड उघडली, कोरा कागद आणून भिंतीला लावला. कागद आणि भिंत यांत फरक दिसेना. "हे बघ!" ते म्हणाले. काकूंनी बघितलं. "कागदही जुनाच दिसतोय," त्या म्हणाल्या.

"कालच आणलाय हा."

आता काकांचा राग निघून गेला आणि त्यांनी काकूंकडे नीट बघितलं. नव्या डोळ्यांनी त्यांनी भिंतीच इतक्या बघितल्या होत्या की बायकोकडे बघायचं राहूनच गेलं होतं. ते पुढच्या खोलीत गेले. मशीनवर एक काळी पँट होती, अर्धी टीप घातलेली. ती उचलून त्यांनी खिडकीत धरली.

"हा दोरा कोणत्या रंगाचा?"

"काळा. का?"

काकांनी त्या गडद निळ्या टिपेवरून बोट फिरवलं. त्यांनी पँट घडी करून जागेवर ठेवली, काकूंचा दंड धरला आणि त्यांना स्वयंपाकघरात आणून त्या खुर्चीपाशी उभं केलं.

"बस."

"मला काय झालंय?"

"बस तर. डोकं मागे."

काकू बसल्या. काका मागे उभे राहिले, त्यांचं डोकं आपल्या रंगाने बरबटलेल्या सदऱ्याला टेकवून घेतलं आणि दोन बोटांनी पापणी वर धरली. डोळ्यात बघून त्यांना कप्पाळ काही कळणार नव्हतं. तरी त्यांनी बघितलं, आधी एक डोळा, मग दुसरा.

"उद्या बाईंकडे जाऊ," ते म्हणाले.

इतके दिवस नवऱ्याला शहाणपण शिकवणाऱ्या काकूंनी डोळे गच्च मिटून घेतले. बाकावर बाहेर बसणं निराळं आणि आत जाणं निराळं, हे त्यांना त्या क्षणी कळलं. त्यांनी काकांचं मनगट घट्ट धरलं.

"जावयाला फोन करते," त्या म्हणाल्या. "आधी थेंबांनी बघू ना थोडे दिवस. किंचितच असेल हो."

काकांनी त्यांच्या कपाळावरचा हात काढला नाही.

"मी असेन बाहेर बाकावर," ते म्हणाले.